डावीकडचा खिसा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय आणि खरं सांगायचं तर वाचून हसतेय. 'मागे वळून बघितलं तर कुणीच नव्हतं' या वाक्याशी आले की मोबाईल ठेवून कणीक मळायला उठायचे. रागावू नका. मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हसळ्याजवळच्या आमच्या गावात पदवीपर्यंत पोचलेली आमच्या घरातली मी पहिली. आई-वडिलांनी लोकांच्या आंब्याच्या बागा राखून मला शिकवलं. त्या शिक्षणाला जागायचं म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला होता... ज्याला कारण सापडत नाही ते मानायचं नाही. आईने गळ्यात बांधलेला ताईत मी अकरावीत असताना स्वतःच्या हाताने कापून टाकला होता.

तर ही मी आहे. आणि आता जे लिहितेय त्याला मला कारण सापडलेलं नाही.

आम्ही बोळिंजला राहतो, विरार पश्चिमेला. आमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटमधून बाहेर पडून उजवीकडे वळलं की गाळ्यांची एक ओळ लागते. दूध डेअरी, मोबाईल रिचार्ज, आणि शेवटचा गाळा रेजिनाताईंचा. रेजिनाताई जवळच्याच वटार गावच्या. सकाळी स्कूटरवरून येतात, संध्याकाळी परत जातात. ब्लाउज शिवण्यात आमच्या भागात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. फोनवर घरच्यांशी त्या त्यांच्या बोलीत बोलायला लागल्या की मला निम्मंही कळत नाही, पण आमच्याशी चांगलं मुंबईचं मराठी बोलतात. मला 'टीचर' म्हणतात.

आता ब्लाउज शिवायला टाकायची आम्हा बायकांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. टेपने माप देत बसायचं नाही. अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज द्यायचा – 'मापाचा ब्लाउज'. माझा मापाचा ब्लाउज शेवाळी रंगाचा, आणि तो कायमचा रेजिनाताईंकडेच पडलेला असायचा. त्यांच्या भिंतीला खिळ्यांची ओळ आहे. प्रत्येक खिळ्याला एक कापडी पिशवी, पिशवीला नावाची चिठ्ठी, पिशवीत त्या त्या बाईचा मापाचा ब्लाउज. मी नुसतं नवं कापड टाकून यायचे. त्या म्हणायच्या, "टीचर, तुमचं माप कधी बदलत नाय. बाकीच्या बायका दर दिवाळीला वाढतात."

माझ्या भाच्याचं लग्न होतं. मी जांभळ्या साडीवरचा ब्लाउज टाकला आणि लग्नाच्या आधी आणायला गेले. घरी येऊन घडी उलगडली तर आत काहीतरी वेगळंच. डाव्या बाजूला, आतून, मऊ सुती कापडाचा एक कप्पा शिवलेला. वरून उघडा. खिसाच म्हणा ना. टाके इतके बारीक की बाहेरून काही दिसू नये.

मी तशीच परत गेले. "रेजिनाताई, हे काय? मी कधी सांगितलं होतं असं काही?"

त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हीच तर सांगून गेलात."

"मी?"

"मग काय मी माझ्या मनाने खिसे लावते? सोमवारी दुपारी आलेलात. अर्धा कप चहा पण घेतलात. पिशवीला हात लावून बोललात, 'डावीकडे आतून मऊ अस्तर लावा, खिसा ठेवा.' मी विचारलं पण, कशाला? तुम्ही हसलात नुसतं." मग मशीन थांबवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "डोक्याला निळा रुमाल बांधलेला. बारीक पिवळी फुलं होती. जरा उतरलेल्या पण दिसत होतात. मला वाटलं ताप येऊन गेला."

त्या दुपारी मी शाळेत होते. वार्षिक परीक्षेचं सुपरव्हिजन होतं, वर्गातून हलायचीही सोय नव्हती. आणि डोक्याला रुमाल मी उभ्या आयुष्यात कधी बांधलेला नाही. माझ्याकडे तसला रुमालच नव्हता.

"दुसरं कुणीतरी असेल हो."

"टीचर, इतकी वर्षं तुमचे ब्लाउज शिवते. तुम्हाला वळखणार नाय?" त्या दुखावल्या. "काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं राहू दे, लग्न तोंडावर आलंय, दिसत तर नाही. घरी येऊन ब्लाउज घालून बघितला. हा कप्पा टोचतोय का, म्हणून मी डाव्या खिशात बोटं घातली आणि कापड अंगाशी दाबून पाहिलं.

काखेच्या बाजूला, सुक्या वालाच्या दाण्याएवढं, कडक काहीतरी बोटांना लागलं.

पुढचं कुणालाही कळेल. लग्न उरकलं, तपासण्या झाल्या, रिपोर्ट आला. डाव्या स्तनाचा कॅन्सर. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "लवकर सापडलंय. कसं लक्षात आलं तुमच्या?" मी म्हटलं, "कपडे घालताना." यापेक्षा जास्त काय सांगणार?

ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली. त्यानंतर वसईतल्या एका हॉस्पिटलात केमो सुरू झाली. केमोबद्दल लोक उलट्यांचं सांगतात, केसांचं सांगतात. माझं मोठं दुखणं निराळंच होतं. मला बसवत नसे. सलाईनबरोबर जी औषधं देतात त्यांनी असेल, पण घरी आल्यावर दोन-तीन दिवस अंगात कुणीतरी चावी भरून ठेवल्यासारखं व्हायचं. अंगात त्राण नाही आणि पाय तर थांबत नाहीत. किचन ते बाल्कनी, बाल्कनी ते किचन. संदीप, माझा नवरा, ऑफिसच्या कॉलवर असला की हेडफोन काढून म्हणायचा, "वैशाली, अगं बस ना जरा. मला बघूनच धाप लागतेय."

"तू बघू नकोस."

"दोन खोल्यांच्या घरात कुठे बघू?"

आणि तोंडाची चव... शिवणाऱ्या बायका टाचण्या दातात धरतात ना, तशी. दिवसभर कुणीतरी तोंडात टाचण्या धरायला दिल्यासारखी. वरण तसंच, भात तसाच. चहा तर सगळ्यात वाईट. माझ्यासारख्या चहाबाज बाईला चहाचा वास आला तरी खिडकीशी पळावं लागे. सोसायटीतल्या बायका भेटायला यायच्या. कुणी गव्हांकुराचा रस आणायचं, कुणी म्हणायचं पॉझिटिव्ह राहायचं बरं का, विचारांनीच माणूस बरा होतो. त्यांचा हेतू चांगला असायचा. पण त्या गेल्या की मला आणखी भीती वाटायची. रात्रंदिवस डोक्यात वाईट विचार घोळत होते. मग मी माझ्याच विचारांनी मरणार की काय?

त्या सगळ्यात एक विचार मात्र मी कुणाला सांगितला नव्हता.

त्या दुपारी रेजिनाताईंकडे आलेली बाई कोण होती?

संदीपला सगळी हकीकत माहीत होती. त्याचं उत्तर तयार होतं. "दुसरं कस्टमर असणार. ऑपरेशन झालेली एखादी बाई आली असेल, तिने आत भरण ठेवायला खिसा सांगितला असेल. ताईंनी घोळ केला. तुझ्या पिशवीत घातला."

"मग त्या बाईचा ब्लाउज कुठेय? तो न्यायला कुणी आलं कसं नाही?"

"वैशाली, तू सायन्स टीचर आहेस."

"म्हणूनच विचारतेय."

त्याला वाटायचं मी घाबरलेय. खरं तर उलटं होतं, आणि ते मला स्वतःशी मान्य करायलाही लाज वाटत होती. ती बाई मीच असावी असं मला वाटायला लागलं होतं. कारण ती मी असेन, तर ती पुढची कुठलीतरी मी होती. डोक्याला रुमाल बांधलेली, खिशाची गरज कळलेली, आणि उठून चालत शिंपिणीकडे जाऊन हसणारी. म्हणजे मी हे सगळं निभावून पुढे गेलेली असणार. वर्गात एखाद्या मुलाने असा तर्क लढवला असता तर मी त्याला पुराव्याची व्याख्या लिहायला लावली असती. पण डे-केअरमध्ये हाताला सुई लावून, वरून थेंब थेंब उतरणारं ते लाल औषध बघत पडलं की माणूस व्याख्येला धरून राहत नाही. मी त्या बाईला धरून होते.

एक गोष्ट मी ठरवून टाळली होती. निळा रुमाल विकत घ्यायचा नाही. मुद्दाम घेतला तर सगळा खेळच खोटा झाला असता.

पहिल्या केमोनंतर केस गळायला लागले तेव्हा आई गावाहून आली. आई शाळेत गेलेली नाही. पण डोक्याचे केस गेले की उशीसुद्धा टोचते हे तिला मी न सांगता कळलं. येताना तिने जुन्या सुती साड्या फाडून, कडा दुमडून, रुमाल करून आणले होते. "बाजारातला कापड चरचरतो," म्हणाली. "यो धुऊन धुऊन लोण्यासारका झालाय. बग."

एक पांढरा, एक विटकरी. आणि एक निळा. निळ्यावर बारीक पिवळी फुलं.

मी पलंगावर बसलेली उठून उभी राहिले. "आये, ही साडी कुठली?"

"कुटली म्हंजे? तुझ्या बापाने तू कालेज पास झालीस तवा आनलेली. मी नेसून नेसून इरवली." माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज बदलला. "काय झाला गो बाय? रंग नाय आवडला?"

"तुला कुणी सांगितलं निळा आण म्हणून? संदीप बोलला?"

"जावई माज्याशी रुमालाचं कशाला बोलतील? रंग कोन बगतो, मऊ हाय म्हनून घेतली."

संदीपने आईच्या शपथेवर सांगितलं की तो एक शब्द बोललेला नाही. ती साडी मी कधीतरी गावी आईच्या अंगावर बघितली असेल, डोक्यात कुठेतरी राहिली असेल, इतपत मी समजू शकते. पण रंग सांगितला होता रेजिनाताईंनी. त्यांनी माझ्या आईला कधी पाहिलेलं नाही, त्या साडीला तर नाहीच नाही.

निळा रुमाल मी कपाटात सगळ्यात खाली टाकला. विटकरी आणि पांढरा वापरू लागले. पण आता मला राहवेना. आणखी काहीतरी कळायला हवं होतं. तिसऱ्या केमोनंतर, पायांना जरा बळ आलं तेव्हा, दोन जुने ब्लाउज घेऊन मी रेजिनाताईंच्या गाळ्यात गेले. तसेच खिसे लावून हवे होते. त्या जांभळ्या ब्लाउजच्या खिशात आता मी काढलेल्या स्तनाच्या जागी लोकरीचं विणलेलं गोळ्यासारखं भरण घालत होते, आणि ते इतकं नेमकं बसत होतं की खिसा त्याच्या मापाने शिवलाय असं वाटावं.

रेजिनाताईंनी मला बघून मशीनवर हात टेकला. त्यांना सोसायटीतून कळलं होतंच. "टीचर, मी तुमच्यासाठी चर्चमध्ये मिस्सात प्रार्थना ठेवलीय," एवढंच म्हणाल्या. मग स्टूल पुढे केलं आणि सवयीने विचारलं, "चहा?"

"नको. चहाचं नाव पण नको. मला एक सांगा... ती त्या दुपारी आलेली... मी म्हणा... तिचे केस होते का?"

"केस?" त्यांनी आठवून बघितलं. मी स्टुलाच्या कडेला बसले होते, पाय हलत होते. केस असतील तर केस परत येणार. एवढंच मला ऐकायचं होतं.

"होते ना. रुमालाच्या खालून मानेवर दिसत होते. आखूड, पोरासारखे. कुरळे कुरळे. मी मनात बोलले, टीचरने भाच्याच्या लग्नासाठी पार्लरमध्ये जाऊन हे काय करून घेतलं! मग ब्लाउज न्यायला आलात तर केस होते तसेच, वाटलं माझीच नजर चुकली."

कुरळे.

माझे केस सरळ होते. इतके सरळ की स्टाफरूममध्ये म्हणायचे, वैशालीबाईंच्या डोक्यावर पट्टी ठेवून रेघा मारल्यात. आईचे सरळ, बापाचे सरळ, आमच्या घराण्यात एक कुरळा केस नाही.

म्हणजे ती मी नव्हते. संदीपचंच बरोबर होतं. दुसरी कुणी बाई, कुरळ्या केसांची, तिचा खिसा, घोळ... आणि मी इतके दिवस एका परक्या बाईच्या आधारावर तग धरून होते. "तुम्ही नीट बघितलं होतंत?" मी दोनदा विचारलं. रेजिनाताई बिचाऱ्या घाबरून म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू टीचर?" ब्लाउज तिथेच टाकून मी घरी आले.

त्या दिवशी मी बाल्कनी ते किचन किती चालले असेन कोण जाणे. दुसऱ्या दिवशी संदीपला सांगितलं, पुढची केमो घेणार नाही.

"म्हणजे?"

"पुरे झालं. ऑपरेशन झालंय ना? बाकीचं नको."

"असं मध्येच सोडतात का? डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? पूर्ण कोर्स..."

"तुझ्या शिरेत घालतायत का? मग बोलू नकोस."

तो उठून बाथरूममध्ये नळ सोडून बसला. नळ कशासाठी सोडलाय ते मला कळत होतं, तरी मला दया येईना. माझ्या आत जिथे दया, भूक, झोप असतात तिथे नुसती ती भरलेली चावी फिरत होती.

आईने वाद घातला नाही. ती माझ्याबरोबर चालायला लागली. खरंच. किचन ते बाल्कनी, माझ्यामागे. गुडघे दुखणारी बाई. मी म्हटलं, "आये, तू कशाला?" ती म्हणाली, "तू थांबलीस का मी पन थांबेन." बराच वेळ आम्ही दोघी तशा चाललो. शेवटी मीच जमिनीवर बसले, तशी तीही बसली आणि म्हणाली, "केमू नको घेऊस. पन रगत तेवढा देऊन ये. तपासाया काय जातंय? फुडचा फुडं बगू."

केमोच्या आधी रक्त तपासून पेशी पुरेशा आहेत का बघतात. त्यासाठी आईला घेऊन रिक्षाने हॉस्पिटलला गेले. मनात होतं, रक्त द्यायचं आणि तिथेच डॉक्टरांनाही सांगून टाकायचं.

बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. माझ्याहून थोडी मोठी, गुटगुटीत, हातात वडापाव. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये निवांत वडापाव खात होती. आणि डोक्यावर आखूड, कुरळे, मेंढीसारखे केस.

मी इतकी टक लावून बघत होते की तीच म्हणाली, "काय? परमिंग नाही हो. फुकटात मिळालेत."

"म्हणजे?"

"केमोनंतर असे आले. माझे आधी सरळ होते, दांड्यासारखे. डॉक्टर बोलल्या बऱ्याच जणींचे येतात असे कुरळे, नंतर हळूहळू सरळ होतात. मिस्टर बोलतात राहू दे, नवीन बायको आल्यासारखी वाटते." वड्याचा तुकडा तोंडात टाकून ती हसली. "मी बोलले, तुम्ही पण या ना नवीन होऊन!"

मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. आई घाबरून उठली, "काय झाला? सुई टोचली काय?" ती बाई वडापाव बाजूला ठेवून माझी पाठ थोपटत राहिली. तिला वाटलं मी केसांसाठी रडतेय. एका अर्थी ते खरंही होतं.

विज्ञान शिकवणाऱ्या मला ही गोष्ट माहीत नव्हती. रेजिनाताईंनाही नव्हती, नाहीतर त्यांनी पार्लरचा विषय काढलाच नसता. डॉक्टरांना मी त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. त्यांनी पेशी बघितल्या, म्हणाल्या ठरल्याप्रमाणे या. मी गेले. पुढच्याही सगळ्या घेतल्या. सोपं झालं असं मुळीच नाही. नखं काळी पडली, तळपाय बधिर झाले, आणि चालणं तर शेवटपर्यंत सुटलं नाही. फक्त आता कुठेतरी पोचायचं आहे असं वाटून चालत होते. बाल्कनीत आले की गाळ्यांची ती ओळ दिसायची.

केस आले. आधी लव, मग बोटाच्या पेराएवढे. आणि हो... कुरळे. संदीप मानेवरून हात फिरवत म्हणाला, "योगायोग." पण हात बराच वेळ काढला नाही.

आता शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

केमो संपून थंडी सरत आली होती. मी शाळेत अर्धा दिवस जायला लागले होते. जेवणाला चव आली होती, फक्त चहाला येईना. रोज एक घोट घ्यायचा आणि बेसिनमध्ये ओतायचा. एका दुपारी रेजिनाताईंकडे टाकून आलेले ते दोन ब्लाउज आणायला निघाले. बाहेर वारा सुटला होता, आखूड केसांत मानेला गार लागतं. विटकरी रुमाल धुतलेला, पांढराही दोरीवर ओला. कपाटात खाली हात घातला आणि मिळेल तो बांधला. इतके महिने टाळलेली गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानातसुद्धा आली नाही. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

रेजिनाताई काजं करत होत्या. नुकताच थर्मासमधून चहा ओतला होता. माझ्याकडे पुरतं न बघताच त्यांनी अर्धा कप पुढे केला. मीही सवयीने घेतला. एक घोट घेतला, आणि टाचण्या नव्हत्या. आलं लागलं. साखर लागली. जळकट दुधाचा तो गाळ्यातल्या चहाचा वास आला. मी डोळे मिटून म्हणाले,

"किती दिवसांनी चहाला चव लागली हो."

डोळे उघडले तर रेजिनाताई सुई हातात तशीच धरून माझ्याकडे बघत होत्या. रुमालाकडे, मानेकडे, कपाकडे.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच बोललेलात तेव्हा. इथेच बसून. मी विचारात पडलेले, टीचर तर रोज चहा पितात, आज असं काय बोलतात." त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "मी तुम्हाला हे सांगितलं नव्हतं ना कधी?"

नव्हतं सांगितलं. चहा घेतला एवढंच म्हणाल्या होत्या. चहा घेताना काय बोलले ते कधीच नाही.

बाहेर कुणाचीतरी रिक्षा रिव्हर्स घेत होती. माझे पाय, जे कित्येक आठवडे शांत होते, पुन्हा हलायला लागले. कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली होती. ती बाई मी असेन, आणि ती दुपार ही असेल... तर चहा झाला, रुमाल झाला, वाक्य झालं. पण निरोप? खिशाचा निरोप तर मी अजून दिलेलाच नाही.

आणि तो दिला नाही तर? तर खिसा शिवला जाणार नाही. मी त्यात बोटं घालणार नाही. वालाचा तो दाणा तिथेच राहील, वाढत.

हे अशास्त्रीय आहे, मला मान्य आहे. ब्लाउज शिवून झालाय, गाठ काढून झालीय, घडलेलं बदलत नाही. हे सगळं मी मुलांना शिकवते. तरीही मी उठले. भिंतीशी गेले. माझ्या नावाच्या पिशवीला हात लावला. आत तो जुना शेवाळी ब्लाउज होता, जो आता मला कधीच बसणार नाही. आणि स्पष्ट, मोठ्याने, वर्गात बोलते तसं बोलले, "डावीकडे आतून मऊ अस्तर लावा. खिसा ठेवा."

रेजिनाताईंनी एकदा विचारलं. हळू आवाजात. "कशाला?"

मला हसू आलं. मी नुसती हसले.

"ठेवते, टीचर," त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. दोरा दोनदा चुकला.

संदीपला हे सांगितलं. म्हणाला, "सांगितलंस ते बरं केलंस." मग स्वतःच्याच बोलण्यावर वैतागून टीव्ही लावला.

तुमच्यापैकी कुणाकडे कारण असेल तर खरंच सांगा. मला हवंय. रेजिनाताईंचा घोळ, योगायोग, माझ्या थकलेल्या मेंदूने मागाहून जुळवलेल्या गोष्टी... यातलं प्रत्येक मी तपासून पाहिलंय, आणि प्रत्येकात एखादा टाका सुटतो. तोवर एवढंच की जांभळा ब्लाउज आता माझा मापाचा ब्लाउज झालाय. भिंतीवर माझ्या पिशवीत तोच असतो. शेवाळी मी घरी आणून ठेवला. आणि गाळ्यासमोरून जाताना अजूनही, काही काम नसलं तरी, माझा वेग जरा कमी होतो. आत कोण बसलंय ते बघितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.